गाणे आणि नित्यस्मृती : जात्यावरील ओवीच्या संदर्भात

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिका पडद्याआड गात असते. ते गाणे कानी पडताच दुष्यंत अस्वस्थ होतो. प्रिय व्यक्तीचा विरह नसताना आपले मन असे व्याकुळ का व्हावे, हे त्याला उमगत नाही. आणि जन्मांतरीचे कोणते तरी स्नेहसंबंध मनाच्या तळाशी न कळत जागे होत असावेत, अशी तो स्वतःची समजूत घालतो. शापामुळे शकुंतला त्याच्या स्मरणातून पुसली गेली आहे. गाण्यामुळे आठवण जागी होते, परंतु कशाची ते कळत नाही. अभिनवगुप्ताने रसचर्चेत याच श्लोकाचा आधार घेतला असल्यामुळे हा प्रसंग काव्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

गाणे आणि स्मृती यांच्या नात्याचा विचार आपल्याकडे बहुधा याच वळणाने होत आला आहे. ऐकणारा रसिक एकटा असतो, त्याला आठवणारी व्यक्ती विशेष असते, आठवणारा प्रसंगही विशेष असतो. परंतु माणसाच्या आठवणींचा फार मोठा भाग असा विशेष नसतो. पहाटेचा अंधार, चुलीचा धूर, ओसरीवर पसरलेले धान्य, पाण्याच्या फेऱ्या, लेकराला थोपटणारा हात या गोष्टी कोणत्या दिवशी घडल्या, असे विचारता येत नाही. कारण त्या रोजच घडत होत्या. अशा आठवणींना येथे 'नित्यस्मृती' म्हटले आहे. कर्माची नित्य आणि नैमित्तिक अशी जी विभागणी मीमांसकांनी केली, ती गाण्यांनाही लावता येते. लग्नातील घाण्याची गाणी, मंगळागौरीची वा भोंडल्याची गाणी ही नैमित्तिक होत. त्यांना तिथी असते, प्रसंग असतो, आणि त्यांच्यामुळे आठवते ते अमुक एक लग्न, अमुक एक श्रावण. भूपाळी, अंगाई आणि जात्यावरची ओवी ही नित्य गाणी होत. त्यांच्यामुळे एखादा दिवस न आठवता त्या काळातले सगळे दिवस एकदमच आठवतात. हे कसे घडते, आणि ते घडणे थांबले म्हणजे वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या हाती नेमके काय उरते, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

स्मरण कशामुळे होते, याची एक लांबलचक यादी 'न्यायसूत्रा'च्या तिसऱ्या अध्यायात आली आहे. तीत सादृश्य आहे, सुखदुःख आहे, वियोग आणि भयही आहे. आज कोणी अशी यादी करावयास बसला तर एवढे त्यालाही सुचेल. लक्षणीय आहेत ती तीतील तीन पदे : अभ्यास, एककार्य आणि क्रिया. पुनःपुन्हा करणे, एकाच कामात सहभागी असणे आणि प्रत्यक्ष कृती ही स्मरणाची कारणे म्हणून नैयायिकांनी वेगळी नोंदवली आहेत. आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नाकडे प्रयोगाच्या वाटेने पाहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पेत्र जनाटा आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांच्या बालपणातील व पौगंडावस्थेतील लोकप्रिय गीतांचे तुकडे ऐकवले, तेव्हा सरासरी सुमारे ३० टक्के वेळा त्या तुकड्याने आत्मचरित्रात्मक आठवण जागी केली. तथापि अशा प्रयोगांतील श्रोता हा नुसता श्रोता असतो. त्याचे हात रिकामे असतात. न्यायसूत्रकारांनी ज्याला एककार्य व क्रिया म्हटले, ते प्रयोगशाळेत अवतरत नाही. ते पाहावयाचे तर जात्यापाशीच गेले पाहिजे.

जात्यावरच्या ओवीचे वय फार मोठे आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख सापडतो. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० साली ओवीला तत्त्वचिंतनाच्या भाराखाली आणले, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ती उखळाशी आणि मुसळाशी बांधलेली होती. ग्रंथरचनेतील ओवीचे साडेतीन चरण आणि तिची यमके यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. घरातील ओवीचा बांधा त्याहून सैल असतो. ती बहुधा दोन ओळींची. पण गाताना त्या ओळी आहेत तशा राहत नाहीत. अर्धी ओळ परत घेतली जाते, मधे 'बाई', 'सये', 'गं' अशी संबोधने भरली जातात, शेवटचा स्वर लांबवला जातो. छापील पानावर ही भर निरर्थक वाटते, आणि संपादक ती बहुधा गाळतात. जात्यावर बसलेल्या बाईला मात्र ती भर लागतेच. कारण ओळ कोठे संपवायची, हे तळीच्या फेऱ्यावर आणि दमावर ठरते. खुंटा आपल्याकडे ओढताना आणि पुढे लोटताना छातीवर पडणारा ताण सारखा नसतो, आणि मुठीने वैरण घालताना गती क्षणभर मंदावते. छंद म्हणून आपण ज्याची मात्रागणना करतो, तो मुळात या श्रमाचाच हिशेब आहे.

हे दळण रोजचे का होते, यामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, आणि ज्वारीची भाकरीही ताज्या पिठाचीच चांगली थापली जाते. भाकरी खाणाऱ्या मुलखात त्यामुळे साठवणीचे दळण फारसे उपयोगाचे नव्हते. लागेल तेवढे पहाटे उठून दळावे लागे. पीठ टिकत नसल्याने ओवी रोज गाइली गेली, असे म्हटले तर वाङ्मयीन कानांना ते जरा खडबडीत वाटेल. पण लोकवाङ्मयाच्या कितीतरी कोड्यांची उत्तरे अशी कणगीत आणि परातीतच सापडतात. पहाटेची ही वेळ घरातील स्त्रीची स्वतःची म्हणावी अशी जवळजवळ एकमेव वेळ होती. पुरुष झोपलेले असत, मुले उठावयाची असत. जात्याच्या घरघरीत बोललेले पलीकडच्या खोलीत नीट ऐकू जात नसे. समोर बसणारी बहुधा जाऊ, नणंद, सासू किंवा शेजारीण. एकीने ओवी उचलायची, दुसरीने तिला साथ द्यायची, आणि मग तिच्या ओवीतील एखाद्या शब्दावरून आपली ओवी पुढे काढायची. पहिली, दुसरी, तिसरी अशा मोजणीच्या ओव्या देवांना, आईवडिलांना, गुरूला वाहून झाल्या की मन मोकळे होई आणि भाऊ, माहेर, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट हे सगळे एकामागून एक येत राही.

चालींच्या बाबतीतही एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. ओव्या शेकड्यांनी असल्या तरी एका गावात, एका बाईच्या गळ्यात चाली मोजक्याच असतात. चित्रपटगीताची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे प्रत्येक गीताला स्वतंत्र चाल असते, आणि म्हणूनच ती एखाद्या स्वतंत्र खुणेसारखी एखाद्या स्वतंत्र आठवणीला चिकटू शकते. ओवीची चाल अशी खूण होऊ शकत नाही. सुखाची ओवी, दुःखाची ओवी, थट्टेची ओवी एकाच चालीवर फिरत असल्याने त्या चालीने कोणताही एक प्रसंग जागा होत नाही. जागी होते ती पहाटच. पुढे शब्द आला म्हणजे त्या पहाटेत एखादा चेहरा दिसू लागतो. नित्यगीतात स्मृतीचे असे दोन थर असतात : चाल वेळेची आठवण सांभाळते, शब्द माणसांची. जात्यावरच्या ओव्या ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या पिढीने त्या आठवणी सांगताना आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत ऐकलेल्या घरघरीचा उल्लेख आवर्जून केलेला दिसतो, आणि अनेकदा एकही ओवी पुरती सांगता येत नसल्याचेही तीच पिढी सांगते. यात विसंगती काही नाही. पहिला थर शाबूत आहे, दुसरा गेला आहे.

गाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही वाट उलट दिशेने चालते. जाते समोर नसेल, हाताला खुंटा नसेल तर ओव्या सुचत नाहीत, हा क्षेत्रसंशोधकांचा नित्याचा अनुभव आहे. चारदोन ओव्या सांगून बाई थबकते. जात्यावर बसली की पुन्हा धार लागते. आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथात युगोस्लावियातील वीरकाव्यगायकांविषयी असेच निरीक्षण नोंदवले आहे : वाद्य बाजूला ठेवून नुसता मजकूर सांगावयास लावले की गायकाच्या ओळी विस्कटतात. लॉर्ड यांचा गायक निदान व्यवसायाने गायक होता आणि त्याच्यापुढे श्रोते होते. जात्यावरच्या बाईला श्रोते नव्हते, आणि आपण गाते आहोत असेही तिने कधी म्हटले नसते. ती दळत होती. तिची स्मृती बुद्धीत जितकी साठलेली असते, तितकीच मनगटात आणि पहाटेच्या त्या घटकेतही.

स्वातंत्र्योत्तर काळात पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली. बायकांच्या पाठीवरचे मोठे ओझे उतरले. त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार दळण न दळलेल्या कोणालाही नाही. मात्र दळणाबरोबर ओवीचा उद्बोधकही गेला. नवी ओवी जुळण्याचे थांबले, जुनी ओवी स्मरणात उतरण्याचे थांबले, आणि ज्या स्त्रियांना शेकडो ओव्या येत होत्या त्यांनाही त्या येतात हे कळण्याचा प्रसंग उरला नाही.

या पार्श्वभूमीवर ओवीसंग्रहांकडे पाहिले म्हणजे त्यांचे मोल आणि त्यांची मर्यादा एकदमच जाणवते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' हे या क्षेत्रातील पायाभूत काम. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे जे संकलन केले, त्याच्या विस्तारास तोड नाही. दुर्गा भागवत यांच्या 'लोकसाहित्याची रूपरेषा' (१९५६) या ग्रंथाने या सामग्रीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहावयास शिकवले. या सर्व कामाबद्दल कृतज्ञता बाळगूनही एक प्रश्न विचारावा लागतो. संग्रहात ओव्या सामान्यतः विषयवार लावलेल्या असतात. भावाच्या ओव्या एका जागी, लेकराच्या दुसऱ्या जागी, देवाच्या तिसऱ्या जागी. वाचकाला ही मांडणी सोयीची आहे. परंतु जात्यावर कोणत्याही बाईने कधीही अशा क्रमाने ओव्या गाइल्या नव्हत्या. देवाच्या ओवीतून ती भावाकडे वळली असेल, भावाच्या ओवीतून एकाएकी सासूच्या बोलाकडे, आणि समोर सासूच बसली असेल तर सीतेच्या वनवासाकडे. या वळणांमध्येच तिची आठवण होती. कोणत्या ओवीनंतर कोणती आली, समोर कोण बसले होते, घरात त्या दिवसांत काय चालले होते, हे वगळले की ओवीचा आशय टिकतो आणि तिच्यातील स्मृती गळून पडते. विषयवार विभागणीतून स्त्रीजीवनाचे चित्र मिळते. ते एका स्त्रीच्या जीवनाचे मात्र नसते.

या दृष्टीने गी पॉइटविन (१९३४–२००४) आणि हेमा राईरकर यांनी केलेल्या संकलनाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. १९८० नंतरच्या काळात पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागात सामाजिक काम करताना, गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने त्यांनी हे काम उभे केले. या संकलनातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली असून गावांची संख्या हजाराहून अधिक आहे. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने ध्वनिमुद्रणेही झाली, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या द्वारे हे साहित्य क्रमाक्रमाने प्रकाशात येत आहे. येथेही विषयवार वर्गीकरण आहेच. परंतु ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ओवी 'लोकां'ची न राहता अमक्या गावच्या अमक्या बाईची होते, आणि एकाच बाईच्या ओव्या एकत्र वाचण्याची सोय निर्माण होते. हा फरक वरवर कार्यालयीन वाटला तरी वाङ्मयीन दृष्ट्या त्याचे महत्त्व मोठे आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण येथे आठवणे अपरिहार्य आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरोटावर काम करता करता त्यांनी रचलेली गाणी घरातील माणसांनी टिपून ठेवली, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. समीक्षेने त्यांतील जीवनदृष्टीची, सुभाषितवजा ओळींची आणि खानदेशी बोलीची पुष्कळ वाखाणणी केली. ती योग्यच आहे. परंतु या रचना कामाच्या लयीत जन्मल्या, ही गोष्ट आपण चरित्रातील एक कौतुकाची बाब म्हणून सांगतो, रचनेचे तत्त्व म्हणून नव्हे. बहिणाबाईंच्या बाबतीत निदान नाव वाचले, कारण घरात लिहिणारा होता, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. ज्या घरांत तो नव्हता, तेथील बहिणाबाई समितीच्या संग्रहात निनावी झाल्या, किंवा तेथपर्यंतही पोहोचल्या नाहीत.

जाते थांबले म्हणून नित्यगीताची गरज संपली, असे मात्र झाले नाही. ती गरज काही काळ आकाशवाणीने भागवली. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्यावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. आठवड्याला एक नवे गीत शुक्रवारी सकाळी लागे, आणि शनिवारी व रविवारी त्याचीच पुनरावृत्ती होई. ५२ गीतांची मूळ योजना त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ५६ गीतांपर्यंत वाढली. पंचांगाने अशा रीतीने नभोवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रवेश करावा, हे त्या काळाचे मोठे बोलके लक्षण आहे. गीताच्या वेळी रेडिओला हार घालणारी, उदबत्ती लावणारी घरे होती, ही हकीगत आता सर्वश्रुत आहे. ती सांगताना सामान्यतः लोकांच्या भाविकतेवर भर दिला जातो. वेळेवर द्यावयास हवा. सकाळची ती पंधरा मिनिटे अनेक घरांत एकाच क्षणी उगवत होती. चहा, स्नान, कचेरीची घाई ही सर्व कामे त्या गीताच्या अलीकडे किंवा पलीकडे लागत होती. ओवीची पहाट एका घराची होती, 'गीतरामायणा'ची सकाळ शेजाराचीही झाली. त्याचबरोबर प्रत्येक गीताची चाल स्वतंत्र असल्यामुळे ती तिच्या आठवड्याशी बांधली गेली. नित्य आणि नैमित्तिक यांचा असा संकर मराठी गीताच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. हात मात्र आता गाण्याच्या लयीत फिरत नव्हते. गाणे कामाला जुळवून घेत नव्हते. काम गाण्याच्या वेळेला जुळवून घेत होते.

'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांत हे नाते आणखी एका पायरीने बदलले. श्रोत्यांच्या पत्रांवरून गाणी लागत, आणि गाण्याआधी त्यांची नावे व गावे वाचली जात. आठवण कोणती, हे कोणी सांगत नसे. परंतु अमक्या गावच्या अमक्याला हे गाणे का हवे असेल, याचा तर्क ऐकणाऱ्या प्रत्येक घरात चाले. ध्वनिफितीचे युग १९८० च्या दशकात घरोघर आले आणि वेळेचे हे बंधनही सुटले. कोणतेही गाणे कोणत्याही वेळी लागू लागल्यावर ते कोणत्या आठवणीला जोडले जावे, हे योगायोगावर सोपवले गेले. एखाद्याला नाट्यगीत आठवते ते परीक्षेच्या जागरणाबरोबर, एखाद्याला अभंग आठवतो तो एस.टी.च्या प्रवासाबरोबर. या आठवणी खऱ्याच आहेत, कित्येकदा उत्कटही आहेत. परंतु त्या ज्याच्या त्याच्या आहेत. शेजारच्या माणसाला त्याच गाण्याने दुसरेच काही आठवते, आणि दोघांना एकमेकांच्या आठवणीत शिरण्यास वाट नसते.

'गीतरामायणा'चे अखेरचे गीत एप्रिल १९५६ मध्ये प्रसारित झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबर रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. या दोन्ही घटनांना तारीख आहे, इतिहासात त्यांची जागा निश्चित आहे. त्यांचे स्मरण एका निराळ्या वाटेने कसे टिकले, हे १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे पॉइटविन यांच्या गटाने ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांवरून दिसते. दलित वस्तीतील स्त्रियांच्या या ओव्या आहेत. चाल, संबोधने, मोजणी हे सगळे जात्यावरचेच आहे; परंतु मोजणीच्या ओव्यांत जेथे परंपरेने देवाचे नाव यावयाचे तेथे भीमराव येतात, बुद्ध येतात. ओवीचा साचा मोडलेला नाही. त्यात कोणाला बसवायचे, एवढे या स्त्रियांनी स्वतः ठरवले आहे. दीक्षेला जाऊन आलेल्याने सांगितलेली हकीगत दरवर्षी ऑक्टोबरात आठवली असती. या स्त्रियांनी ती दळणात घातली, आणि मग ती रोज पहाटे, पहिल्या वैरणीबरोबर, म्हटली जाऊ लागली.